गुरुवारची पंगत

एस्तेर,

पाळकसाहेबांनी मला सांगितलंय, येत्या रविवारी उपासनेत तुझ्याविषयी बोला. "बाई, तुम्ही तिची मैत्रीण. जन्म, शिक्षण, नोकरी, सेवाभाव, असं थोडक्यात." मी हो म्हटलं. घरी येऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की तुझं जन्मसालच मला नीट माहीत नाही. तू दर वेळी वेगळं सांगायचीस. आणि सेवाभाव हा शब्द तुझ्याबद्दल वापरला असता तर तू तोंडाला पदर लावून हसली असतीस. तेव्हा रविवारचं रविवारी बघू. आज तुझ्याशीच बोलते.

तू दवाखान्यात सिस्टर, मी शाळेत बाई. नायगावच्या चर्चमध्ये आपण कित्येक वर्षं एकाच बाकावर बसलो, पण एकमेकींच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. "सलाम बाई", "सलाम सिस्टर", संपलं. आज आठवलं की मलाच नवल वाटतं. पण आपली सगळी मंडळीच तशी होती. रविवारी इस्त्रीचे कपडे घालून यायचं, गीतं म्हणायची, दारात हात मिळवायचे आणि आपापल्या वाटेनं जायचं. सगळे भाऊ, सगळ्या बहिणी. पण कोणत्या बहिणीच्या घरी आज चूल पेटली नाही, हे दुसरीला ठाऊक नसायचं.

मग तो रविवार आला. पाळकसाहेब पहिल्या मंडळीवर बोलले. यरुशलेमातली ती माणसं कशी एकत्र असायची, आपलं ते सगळ्यांचं मानायची, घरोघरी भाकर मोडायची आणि आनंदानं जेवायची. दर वर्षी ऐकतो तसं आम्ही ऐकलं. उपासना संपली आणि दारात हात मिळवताना तू साहेबांचा हात सोडलाच नाहीस.

"साहेब, हे बंद कधी पडलं?"

"काय, सिस्टर?"

"घरोघरी जेवणं."

साहेब जरा गडबडले. "इतिहास फार मोठा आहे. पुढं छळ झाला, मग इमारती उभ्या राहिल्या..."

"म्हंजे, बंद करा असं कुणी सांगितलं न्हाई."

"तसं कुणी सांगितल्याचं नाही आठवत."

"मग येत्या गुरुवारी माझ्या घरी. सांजच्याला."

गुरुवारच का, असं मी नंतर विचारलं. मला वाटलं होतं, प्रभूचं शेवटचं भोजन गुरुवारी झालं म्हणून. तू म्हणालीस, "गुरुवारी माझी ड्युटी सकाळची असती."

पहिल्या गुरुवारी तू अख्ख्या मंडळीला पुरेल एवढं पिठलं केलंस. आलो कोण? मी, पाळकसाहेब आणि त्यांच्या मिसेस. तुझे सॅम्युएल भाऊजी तर घरचेच. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांचं आयुष्य गेलेलं. पातेल्यात डोकावून ते शांतपणे म्हणाले, "गाडी खाली धावली तरी डिझेल तेवढंच लागतं." पुढं दोन दिवस दवाखान्यातला सगळा स्टाफ पिठलं खात होता, असं कळलं.

मला वाटलं, आटोपलं. पण दुसऱ्या आठवड्यात तू कुणालाच जेवायला बोलावलं नाहीस. घरोघरी गेलीस आणि प्रत्येकाला एकेक अडचण सांगितलीस. एकीला म्हणालीस, मीठ न्हाई, येताना आण. एकाला म्हणालीस, तवा तडकलाय, तुमचा द्या, आन परत न्यायला तुम्हीच या. मला म्हणालीस, "बाई, कांदे चिरायला हात कमी पडून राहिलेत." त्या गुरुवारी तुझं अंगण भरलं. कुणाच्या हातात मीठ, कुणाच्या हातात तवा, कुणी सरपण घेऊन आलेलं. आलेला माणूस न जेवता जाणार कसा?

कांदे चिरता चिरता मी हळूच विचारलं, "सिस्टर, तुझ्या घरात खरंच मीठ नव्हतं?"

"न्हाई. डबा शेजारणीकडं नेऊन ठेवला. खोटं कसं बोलू?" आणि मग म्हणालीस, "जेवाय ये म्हटलं की माणूस लाजतंय. काम सांगितलं की पळत येतंय."

त्या दिवसापासून आपण 'सिस्टर' आणि 'बाई' राहिलो नाही. एस्तेर आणि प्रमिला झालो, आणि भांडायला लागलो.

आपलं भांडण सगळ्या मंडळीला पाठ होतं. मी म्हणायचे, त्या पहिल्या लोकांना वाटत होतं की प्रभू उद्या-परवा परत येणार. उद्या जगच संपणार असेल, तर आजची भाकर वाटायला काय जातं? आपल्याला लेकरांची शिक्षणं आहेत, लग्नं आहेत, म्हातारपण आहे. आपला उद्या लांब आहे, एस्तेर. आणि तू म्हणायचीस, "लांब हाय म्हणून तर वाटेत जेवाय लागतंय."

'आपलं ते सगळ्यांचं' या तुझ्या कारभारात पहिला बळी गेला माझ्या मिक्सरचा. एका गुरुवारी चटणीपुरता म्हणून नेलास. तिथून तो कुणाच्या बारशाला गेला, कुणाच्या साखरपुड्याला गेला. काही महिन्यांनी परत आला तेव्हा त्याला दुसरंच झाकण होतं. माझं झाकण गळत होतं; हे गळत नव्हतं. कुणाचं ते आजही कळलेलं नाही, आणि मीही फारशी चौकशी केली नाही.

माझ्या घराचं मात्र मी अडवून धरलं होतं. आमचे हे गेल्यानंतर आणि मुलगा लातूरला नोकरीला लागल्यानंतर ते घर फार शांत झालं होतं, आणि ती शांतता मला आवडते असं मी सगळ्यांना सांगत होते. पंगत घरोघरी फिरायला लागली, तरी माझी पाळी आली की मी काही ना काही कारण काढायचे. तू कधी जोर केला नाहीस. फक्त एका गुरुवारी दुपारी तुझा फोन आला. "माझ्याकडं पाहुणे आलेत. आज तुझ्याकडं." मी नाही म्हणेपर्यंत फोन बंद.

दिवेलागणीला सगळी मंडळी पातेली घेऊन दारात हजर. तू शेवटी आलीस, सावकाश.

"कुठायत तुझे पाहुणे?" मी विचारलं.

"हे काय, तुझ्या दारात उभे हायत."

त्या संध्याकाळी सॅम्युएल भाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. ती आमच्या ह्यांची खुर्ची. तिच्यात वर्षानुवर्षं कुणी बसलं नव्हतं, मीसुद्धा नाही. भाऊजींना त्याचा पत्ता नव्हता. ताट मांडीवर घेऊन ते म्हणाले, "वहिनी, पिठलं वाढा, आज जमलंय." मला वाटलं होतं, आता मला रडू येईल. पण मी पिठलं वाढलं. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वाढताना वाकावं लागतं, हे माझ्या कमरेला अजून आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर तुला खूप बोलले. तुला तेवढंच माहीत. तुला हे माहीत नाही की सगळे गेल्यावर मी खुर्च्या जागेवर लावल्या नाहीत. जशा वेड्यावाकड्या, एकमेकींकडं तोंड करून राहिल्या होत्या तशाच ठेवल्या, पुढचे कितीतरी दिवस. घरात लसणाचा आणि माणसांचा वास होता, आणि मी खिडक्या उघडल्या नाहीत. एवढं साधं सांगायला मला कधी जमलं नाही. आज सांगते.

आता मरियम्माचं.

घरबांधणीच्या कामावर तेलंगणाकडून काही कुटुंबं आली आणि बाजाराच्या मागं पत्र्याच्या खोल्यांत राहायला लागली. त्यांच्यातली काही ख्रिस्ती होती. ती रविवारी चर्चमध्ये येऊन मागच्या बाकांवर बसू लागली. त्यांना मराठी थोडं समजायचं, बोलता येत नसे. त्यांच्यात मरियम्मा ही विधवा बाई सगळ्यांत थोरली. बांधकामावर विटा वाहणारी, उंच, ताठ मानेची. ते यायचे, बसायचे, जायचे. आम्ही हसून मान हलवायचो आणि आपण फार चांगले आहोत असं समजायचो.

मग कापणीचा सण आला. सणाचं जेवण म्हणजे दिनकररावांचं राज्य. ते मंडळीचे पंच, त्यांच्या आजोबांच्या काळापासून घराण्याचा मान. मटणाची पळी त्यांच्याच हातात असायची. नेहमीप्रमाणे जुनी घराणी पहिल्या पंगतीला बसली, मग बाकीचे, आणि शेवटी तेलुगू मंडळी. त्यांच्या ताटांत पोचेपर्यंत पातेल्यात नुसता रस्सा उरला होता. मरियम्मानं ताटाकडं पाहिलं. शेजारच्या बाईला तेलुगूत हळू काहीतरी म्हणाली. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, कणही टाकला नाही, हात धुतले आणि निघून गेले. पुढच्या रविवारी मागचे बाक रिकामे होते. त्याच्या पुढच्याही.

तुझ्या घरी चहाला सगळे जमले. साहेब म्हणाले, आपण जाऊन माफी मागू. दिनकरराव म्हणाले, "मुद्दाम कोण करतंय हो? शेवटच्या पंगतीला कमी पडतंच. आन त्यांचं बोलणं आपल्याला कळत न्हाई, काय करावं?" ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी सुचवलं की पुढच्या सणाला आपल्यातली दोन शहाणी माणसं वाढण्यावर देखरेखीला ठेवू. सगळ्यांना ते पटलं. सगळे उठून गेले.

मी मागं राहिले, कारण मला भांडायचं होतं. म्हटलं, "बघ, तुझी ती पहिली मंडळी. आनंदानं जेवायची म्हणे. तिथंही हेच झालं होतं. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जायचं. केवढी कुरकुर झाली होती."

"मग त्यांनी काय केलं?"

"सात माणसं नेमली वाटपाला."

"कोण कोण?"

मी शास्त्र उघडून नावं वाचायला लागले. ही सात नावं मी संडेस्कूलमध्ये लेकरांकडून पाठ करून घेतलेली. घडाघडा म्हणणाऱ्याला बक्षीस द्यायचे. चौथ्या-पाचव्या नावाला मी थांबले.

"काय झालं?"

"एस्तेर, ही नावं ग्रीक आहेत. सातही."

"म्हंजे?"

"म्हणजे ज्यांच्यातल्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्यातलीच माणसं नेमली असणार."

तू चहाची बशी खाली ठेवलीस. "म्हंजे आपल्यातले दोन शहाणे उभं करून भागत न्हाई."

"नाही भागत."

"पळीच द्यावी लागती."

मी म्हटलं, "जरा विचार कर. दिनकरराव काय म्हणतील, जुनी माणसं काय म्हणतील..."

"विचार त्या लोकांनी दोन हजार वर्षांमागं करून ठेवलाय. आपण फक्त चप्पल घालू."

आणि आपण निघालो. तुझं तेलुगू मला त्या दिवशी कळलं. दवाखान्यात देगलूर-बिलोलीकडचे पेशंट यायचे, त्यांच्यासाठी तू जे शिकली होतीस तेवढंच. मरियम्माच्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दारासमोर उभी राहून तू मोठ्या आत्मविश्वासानं म्हणालीस, "नोरु तेरू." सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मरियम्मा आधी गोंधळली, मग तिच्या डोळ्यांत हसू आलं आणि तिनं खरंच तोंड उघडून दाखवलं. तू तिला 'तोंड उघड' असं म्हणाली होतीस. 'दार उघड' म्हणायचं होतं तुला. त्यानंतर आपण दोघी, मरियम्मा आणि त्या सगळ्या बायका एवढ्या हसलो की बोलणं निम्मं तिथंच झालं.

मग तू मराठीत, हातवारे करत, सांगितलंस. जेवायला ये म्हणत न्हाई. गुरुवारी माझ्या घरी स्वयंपाक तू कर, तुझ्या पद्धतीनं. वाढायचं पण तूच. पळी तुझ्या हातात.

मरियम्माचं हसू थांबलं. ती माझ्याकडं पाहत मोडक्या मराठीत म्हणाली, "मी वाढलं, तर तुमचं लोक खाईल?"

या प्रश्नात काय काय होतं, ते आपल्याला समजलं. तू म्हणालीस, "न्हाई खाल्लं तर एकेकाला सलाईन लावते. सिस्टर हाय मी."

गुरुवारी दिनकरराव येतील की नाही, अशी सगळ्यांना धाकधूक होती. पण मंडळीतलं सगळ्यांत मोठं पातेलं त्यांच्या घरी होतं, आणि ते घेऊन या, असा निरोप तू धाडला होतास. ते पातेलं घेऊन आले. आल्यावर परत कसे जाणार?

मरियम्मानं चिंचेच्या कोळातलं कोंबडीचं कालवण केलं होतं. पुलुसु. अंगणात त्याचा आंबट-तिखट वास भरून राहिला होता. तिनं पदर खोचला आणि वाढायला सुरुवात केली, ती घराणं बघून नाही, दारापासून. जो दाराजवळ बसला तो पहिला. प्रत्येकाला सारखंच. दिनकररावांच्या ताटातही तेवढंच. त्यांनी ते खाल्लं, आणि सवयीनं ताट पुढं केलं. "अजून जरा."

मरियम्मा पळी धरून उभी राहिली. "थांबा तात्या. मागचं पंगत बसू द्या."

अंगणातले सगळे हात थांबले. एका मीटिंगमध्ये आपल्याकडचा पंखा बंद का केला, म्हणून उठून गेलेला हा माणूस. मी मनात प्रार्थनाच करायला लागले. त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग मागं वळून पाहिलं. भिंतीला टेकून शेवटच्या पंगतीची माणसं थांबली होती. तेलुगू बायका होत्या, आणि त्यांच्या शेजारी दिनकररावांची सून होती, बायको होती. घरच्या बायका कायमच शेवटच्या पंगतीला बसायच्या, आणि त्या पंगतीला काय उरतं हे दिनकररावांनी कधी मागं वळून बघितलंच नव्हतं.

त्यांनी ताट खाली ठेवलं. "बसू दे," म्हणाले.

शेवटची पंगत बसली. सुनेच्या ताटात सगळ्यांच्या इतकंच पडलं. मग मरियम्मा स्वतःहून दिनकररावांकडं आली आणि उरलेलं त्यांना वाढलं. त्यांनी खाल्लं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"लई तिखट हाय," ते म्हणाले.

"पाणी देऊ?"

"पाणी नगं. भाकर दे."

तेव्हा तू हसलीस, आणि मग सगळं अंगण हसलं. त्या दिवसानंतर दिनकररावांनी पळी हातात घेतली नाही. आता ते प्रत्येक जेवणात फिरून विचारतात, "मागचे बसले का?" त्यांची सून सांगत होती, घरीसुद्धा विचारतात.

मी तुला तेव्हा म्हटलं होतं, तुझी पहिली मंडळी भांडकुदळ होती, हे मी सिद्ध केलं. करिंथ शहरातली मंडळी तर त्याहून वाईट. तिथं ज्यांना कामधाम नव्हतं ते आधी येऊन खाऊन घ्यायचे, आणि राबणारे उशिरा आले की त्यांना काहीच उरायचं नाही. तू हे नीट ऐकून घेतलंस, आणि पुढच्या आठवड्यापासून बांधकामावरची माणसं आल्याशिवाय पंगत बसायची नाही, असा नियम केलास. तुझ्याशी वाद घालण्यात हा धोका होता. मी एखादी गोष्ट तुझ्या विरोधात सांगायची आणि तू ती करून टाकायचीस.

लातूरचं आठवतं? माझ्या मुलाकडं आपण दोघी गेलो होतो. त्याचं चर्च मोठं, छान. मऊ खुर्च्या, पडद्यावर गीतांचे शब्द, गिटार, ढोल. उपासना सुंदर झाली, तूही कबूल केलंस. पण ती संपल्यावर तू फाटकाशी उभी राहिलीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागलीस, "आज जेवाय कुणाकडं?" एका भल्या गृहस्थाला वाटलं, म्हातारी उपाशी आहे, त्यानं समोरची खाणावळ दाखवली. माझा मुलगा गाडीत जाऊन बसला, लाजेनं.

एक नवरा-बायको मात्र थांबले. निलंग्याकडचे, तो डाळ मिलमध्ये कामाला, ती क्लासमध्ये शिकवणारी. ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडं चला." त्यांच्या दोन खोल्यांत आपण वरण-भात खाल्ला. निघताना ती म्हणाली, "लातूरला येऊन एवढे दिवस झाले, चर्चमधलं कुणी घरी पहिल्यांदाच आलं." आणि रडायला लागली. तू तिला जवळ घेतलंस आणि विचारलंस, "मीठ संपलंय का तुझ्याकडचं?" तिला काही कळलं नाही. मग तू तिला सगळी युक्ती समजावून सांगितलीस.

एस्तेर, आता त्यांच्याकडं दर आठवड्याला माणसं जमतात. मागच्या महिन्यात माझ्या मुलाचा फोन आला, "आई, या वेळी आमच्या घरी आहे. पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करतात?" तुला हे सांगितलं होतं तेव्हा तू उशीवर हात आपटून हसलीस. तेव्हा तू अंथरुणाला खिळली होतीस.

मला वाटायचं, त्या पहिल्या माणसांकडून काही शिकायचं म्हणजे त्यांच्यासारखं व्हायचं. शेतंभातं विकायची, सगळं एका जागी ठेवायचं. ते होण्यासारखं नाही, म्हणून मी त्यांना नमस्कार करून मोकळी व्हायचे. आपल्यापैकी पुष्कळ जण तसेच. त्यांचे चमत्कार आठवतो आणि आपल्याकडं का होत नाहीत म्हणून प्रार्थना करतो. तू त्यांची पूजा कधी केली नाहीस. शेजारच्या बाईकडून आपण एखादा पदार्थ शिकतो, तशी तू त्यांच्याकडून शिकलीस. त्यांचं करपलं कुठं, खारट झालं कुठं, तेसुद्धा विचारून घेतलंस.

आपली शेवटची भेट दुपारची. तू वाळून गेली होतीस, पण डोळे भांडायला तयार. मी म्हटलं, "काही म्हण, ती मंडळी टिकली नाही. छळ झाला आणि पांगली."

तू म्हणालीस, "पांगली नसती तर नायगावला कशी आली असती?"

मी म्हटलं, "याला उत्तर आहे माझ्याकडं. उद्या सांगते."

उद्या तू नव्हतीस. उत्तर माझ्याजवळ तसंच राहिलंय. खरं सांगायचं तर घरी येईपर्यंतच ते मला पटेनासं झालं होतं. तरी तुला ऐकवलं असतंच.

तुझी कबर मरियम्माच्या माणसांनी बांधली. कुणी सांगितलं नव्हतं. कामावरून तसेच आले, ओळंबा लावून, चारी कोपरे काटकोनात, घर बांधतात तशी. दफन झालं. सॅम्युएल भाऊजी मूठभर माती टाकून म्हणाले, "चल, पुढं हो. येतो मी मागनं." गाडी लागली की प्रवाशाला सांगावं तसं.

माणसं पांगायला लागली तेव्हा मरियम्मा दिनकररावांकडं गेली. दफनभूमीतली जागा अजून तेच ठरवतात. तुला ठाऊकच आहे, तिच्याकडचं कुणी गेलं की टेम्पो करून सीमेपलीकडं गावी नेतात. इतकी वर्षं इथं राबून एकाचीही कबर इथं नाही. ती म्हणाली, "तात्या, मला गावाला नेऊ नका. मला इथं. अक्काच्या बाजूला."

दिनकररावांनी माझ्याकडं पाहिलं. तुझ्या एका बाजूची जागा भाऊजींची, हे ठरलेलं. दुसऱ्या बाजूची मी मागून ठेवली होती. तुला कधी बोलले नाही. त्यांना मात्र सांगून ठेवलं होतं. त्यामुळं ते गप्प राहिले, आणि मरियम्माला त्यांचं गप्प राहणं दिसलं. तिची ती ताठ मान जराशी खाली गेली. सणाच्या दिवशीसुद्धा ती मान खाली गेली नव्हती.

मी म्हटलं, "दिनकरराव, द्या तिला. ती जागा तिचीच आहे."

मरियम्मा जाऊन त्या जागेवर दोन्ही पाय रोवून उभी राहिली. मग तिनं तिच्या माणसांना तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि त्यांच्यातल्या दोघांनी तिथं कोपऱ्यांवर विटा मांडल्या. एक बाई रडत होती, पण ते तुझ्यासाठी नव्हतं, हे मला कळलं. ह्या गावात आपली जागा झाली, म्हणून रडत होती ती.

मी मागच्या ओळीत, लिंबाखाली, माझ्यासाठी जागा पाहून आले. तुझ्यापासून थोडी लांब आहे. पण मला चालेल, एस्तेर. तू आयुष्यात कधी हळू बोलली नाहीस. मागच्या ओळीतही मला सगळं ऐकू येईल.